चार मिनिटं बारा सेकंदांवर

१

खोली दाखवताना खोलीत माणूस दिसता कामा नये, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. माणूस दिसला की बघणारा खोली बघत नाही, माणूस बघत बसतो. म्हणून मोबाइल वर धरण्याआधी मी घरमालकाला बाहेर काढतो, त्याच्या बायकोला बाहेर काढतो, मोरीत कुणी भांडी घासत असेल तर तिलाही हात धुऊन बाहेर यायची विनंती करतो. मग सुरुवात. पुढचं दार, समोरची भिंत, ओटा, मोरी, माळा आणि शेवटी मागचं दार. हा क्रम कधी चुकत नाही. तोंडाने चालूच असतं: पाणी किती वाजता येतं, संडास आतला की सामाईक, मीटर वेगळा की एकच. पाचेक मिनिटांत खोली संपते.

मी जयवंत. मूळचा राजापूरकडचा, गेली सोळा वर्षं सिल्वासात सरकारी कारकून. बायको सुलभा इथल्याच एका शाळेत शिकवते. आम्ही डोकमर्डीला राहतो. धुळ्या-नंदुरबारकडून कारखान्यांत कामाला आलेली माणसं दाखल्यासाठी माझ्या टेबलाशी यायची आणि दाखला हातात पडला की हमखास विचारायची, "साहेब, कुठं रूम भेटेल का?" सिल्वासात खोल्यांना तोटा नाही, पण गावाकडे बसलेल्याला ते कळणार कसं? म्हणून दोन वर्षांपूर्वी मी 'सिल्वासात राहायला' नावाचं चॅनल काढलं. दर शनिवारी एक खोली. कधी आमलीतली, कधी आमच्या डोकमर्डीची, कधी खडोलीची चाळ.

सुलभाने माझा एकही व्हिडिओ पुरता पाहिला नाही. "रिकाम्या खोल्या काय बघायच्या? आधी आपली झाडा," असं म्हणून ती वह्या तपासायला बसायची. मृणाल, आमची आठ वर्षांची लेक, तेवढी प्रत्येक व्हिडिओला सगळ्यात आधी अंगठा द्यायची. आठवड्याला पन्नास-साठ माणसं बघायची. तीही मृणाल आणि मी धरून.

२

व्हिडिओ चांगला असून भागत नाही, तो सापडावा लागतो. हे मला उशिरा कळलं. अ‍ॅपमध्ये एक पान असतं: दर्शकांना तुमचा व्हिडिओ कसा सापडला. कोण दुसऱ्याचा व्हिडिओ बघता बघता इकडे वळला, कोण व्हॉट्सॅपवरच्या लिंकवरून आला, कोण स्वतः शोधत आला, सगळं तिथे असतं. शोधत आलेल्यांनी नेमके कोणते शब्द टाकले, त्यांची यादीही असते. मला त्या पानाचं वेडच लागलं म्हणा ना. 'भाडेतत्त्वावर निवास' असं कुणी शोधत नाही, 'रूम भाड्याने आमली' असं शोधतात, हे मी तिथे शिकलो. लोक जे शब्द टाकतात ते आपण आधीच नावात पेरून ठेवायचे. गळाला आमिष लावतात तसं, पण याची कुणाला लाज वाटत नाही, सगळेच करतात.

जानेवारीत सुकदेव हरवला. सव्वीस वर्षांचा मुलगा, शहाद्याकडचा, खडोलीत सुताच्या कारखान्यात कामाला. पाळी संपवून निघाला आणि खोलीवर पोचलाच नाही. त्याचा निळ्या शर्टातला फोटो आठवडाभर प्रत्येक मोबाइलमध्ये फिरत होता. जो तो त्याचं नाव टाकून काही नवीन कळतंय का बघत होता.

माझ्याकडे नेमका खडोलीतल्या एका खोलीचा व्हिडिओ तयार होता, नथूभाईच्या चाळीतल्या. मी नाव दिलं: 'सुकदेव जिथून हरवला त्या खडोलीतली खोली आतून पाहा'. खोटं नव्हतं. खोली खडोलीतच होती. सुकदेव मात्र त्या चाळीत कधी राहिलेला नव्हता.

त्या दिवशी सुलभाने मृणालच्या अभ्यासासाठी माझा मोबाइल घेतला आणि ते नाव वाचलं. मोबाइल तिने टेबलावर ठेवला, जरा जोरातच.

"हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं."

"मढं कशाला म्हणतेस? येईल तो परत."

"मग त्याच्या आईने हे वाचलं तर?"

"तिला कुठे वाचता येणार आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो होतो, ते मला आता रोज आठवतं.

३

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बघतो तर तीन हजारांवर माणसं येऊन गेलेली. डबा तसाच राहिला. मी ते माझं आवडतं पान उघडलं.

आधी आलेख. लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात आणि कुठे सोडतात ते त्यात दिसतं. माझे सगळे आलेख घसरगुंडीसारखे असतात, दारापाशी पन्नास माणसं, मागच्या दारापर्यंत चार. हा आलेख मात्र खाली जाता जाता चार मिनिटं बारा सेकंदांवर एकदम वर उठला होता, पाठीला कुबड यावं तसा. म्हणजे माणसं तिथे थांबत होती, मागे नेऊन पुन्हा तेवढंच बघत होती.

मीही बघितलं. चार मिनिटं बारा सेकंदांवर मी नथूभाईच्या खोलीचं मागचं दार उघडतो. दार आत उघडतं. एका हातात मोबाइल, दुसऱ्याने कडी काढतोय, त्यामुळे चित्र जरा कलतं आणि दाराचं फळकूट आणि भिंत यांच्यामधली चार बोटं फट क्षणभर दिसते. चुन्याची भिंत, एक खिळा, खाली अंधार. मग दाराबाहेरचं दोन फुटांचं बोळ आणि कारखान्याची उंच भिंत. बस. मी वीसेक वेळा बघितलं. काही म्हणजे काही नव्हतं.

कानात इअरफोन घालून ऐकलं तेव्हा मात्र एक गोष्ट लक्षात आली. त्या भिंतीपलीकडे यंत्रं चालतात, त्यांची घरघर व्हिडिओभर माझ्या बोलण्याच्या मागे आहे. चार मिनिटं बारा सेकंदांवर ती नाही. एक श्वास घेऊन सोडावा इतका वेळ अगदी काही नाही, मग पुन्हा घरघर.

मी नथूभाईला फोन लावला. "मी व्हिडिओ काढत होतो तेव्हा पलीकडचं मशीन मध्येच बंद पडलं होतं का हो?"

"मशीन बंद?" नथूभाई हसला. "साहेब, तीन शिफ्ट छे. दिवाळीला पण बंद नाय होत. का, भाडोत्री बोंबलतो काय? आवाजाची सवय होऊन जाते, त्याला बोला."

मग शब्दांची यादी उघडली. 'सुकदेव खडोली', 'सुकदेव कुठे आहे', 'सुकदेव फोटो'. हे मी पेरलेलं पीक. पण त्याखाली: 'तुषार कुठे आहे'. 'प्रमिला कुठे आहे'. 'आमचे अण्णा घरी आले नाहीत'. ही नावं मी कुठेच लिहिलेली नव्हती.

अ‍ॅप म्हणजे शेवटी यंत्रच, मी स्वतःला सांगितलं. 'कुठे आहे' हे शब्द जुळले की दाखवत असेल. कुबडाचंही तसंच. एकाने मागे नेऊन पाहिलं, दुसऱ्याला सांगितलं, मेंढरामागे मेंढरू. खाली कुणीतरी नुसतं '४:१२' लिहून हात जोडले होते. एका बाईने लिहिलं होतं, 'दोन वर्षांनी पाहिलं. तुमचे उपकार.' मला वाटलं तिला खोली म्हणायचंय. मी उत्तर दिलं की पाणी सकाळी सहाला येतं.

४

फेब्रुवारीत एक बाई ऑफिसात रांगेत उभी राहून माझ्या टेबलापर्यंत आली. साठीची, हातात कापडी पिशवी, पिशवीत रुमालात गुंडाळलेला मोबाइल. मी सवयीने विचारलं, "कोणता दाखला?"

"दाखला नको, भाऊ. तुम्ही ते खोलीवाले ना? आवाज वळखला मी." तिने रुमाल सोडला. "मी कोंडाबाई. सुकदेवची माय."

आता ही रडणार, शिव्या देणार, साहेबांपुढे नेणार, असं वाटलं. तिने तसलं काही केलं नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर माझाच व्हिडिओ होता, चार मिनिटं बारा सेकंदांवर थांबवलेला.

"माले वाचता येत नाही. सून शे ना कावेरी, तिनं शिकवलं. इठे दाबायचं आनि बोलायचं. मी बोलली, सुकदेव कुठे आहे. तर हे पहिलं निंघालं." फटीवर तिने बोट ठेवलं. नख झिजलेलं होतं. "तठे उभा शे. दाराच्या आड. निळा शर्ट."

मी पडदा जवळ घेतला. भिंत, खिळा, अंधार.

"कोंडाबाई, मी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढतो. तिथे कुणी नव्हतं."

"व्हता."

"मला दिसत नाही हो. मीच तर काढलाय तो व्हिडिओ."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, एखाद्या लहान मुलाकडे बघावं तसं. मग म्हणाली, "तुमना घरना समदा घरी शेतस ना, भाऊ. मंग तुमले कसा दिसी?"

तुमच्या घरचे सगळे घरी आहेत, मग तुम्हाला कसा दिसेल. मागच्या माणसाने रांगेतून आवाज दिला. कोंडाबाईने मोबाइल रुमालात गुंडाळला आणि विचारलं, "माले त्या खोलीत नेशात?"

नेतो म्हणालो, माझा नंबरही दिला. नेतो म्हणणं सोपं असतं.

५

त्याच संध्याकाळी मी व्हिडिओच्या नावातून सुकदेव काढला. 'खडोलीतली खोली, एक' एवढंच ठेवलं. असल्या नावाने सख्खा भाऊ बघणार नाही. दुसऱ्या दिवशी यादी उघडली तर दीड पान नावं वाढलेली. काही मराठीत, काही गुजरातीत, काही हिंदीत. प्रत्येकापुढे कुठे आहे, क्यां छे, कहाँ है. मी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मोबाइल पालथा घातला.

मग मी व्हिडिओच पुसून टाकायचं ठरवलं. अ‍ॅप विचारतं, नक्की का? अंगठा त्यावर नेला आणि नेमका कोंडाबाईचा फोन आला. ती दर रविवारी करायची. कधी न्याल, एवढंच विचारायची, कधी आवाज चढवला नाही. मी तिला सांगितलं की मी ते काढून टाकतोय.



"नको, भाऊ," ती म्हणाली. "माले तेवढाच दिसतो. सकाळी एकदा बघती, मंग चहा पिती."

मला स्वतःची शरम वाटली. आमिष मी लावलं होतं, आणि ते गिळून ही बाई मलाच हात जोडत होती. व्हिडिओ ठेवला. माझ्या चांगुलपणाने नाही, तिला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं म्हणून.

६

होळीच्या आधीची गोष्ट. जेवणाची सुट्टी, भेंडीची भाजी, एका हातात पोळी, दुसऱ्या हातात ते पान. यादीच्या अगदी तळाशी एक नवी ओळ होती.

'मृणाल कुठे आहे'. पुढे आकडा: १.

मी घरी फोन केला. आज शाळा आहे की सुट्टी, आज वार कोणता, मला काही सुचेना. सुलभाचा फोन वर्गात बंद असतो. मग मृणालच्या शाळेच्या ऑफिसात केला. शिपायाने जाऊन बघितलं, आला, म्हणाला, "आहे ना साहेब, डबा खाते."

मृणाल नावाच्या हजार मुली असतील. महाराष्ट्रात दर गल्लीत एक आहे. कुणाचीतरी हरवली असेल बिचाऱ्याची, त्या एकाने शोधलं असेल. कारकून माणूस, मी हिशोबाने विचार करतो. पण त्याच हिशोबात कोंडाबाईचं वाक्यही बसत होतं. मी व्हिडिओ उघडला, चार मिनिटं बारा सेकंदांवर नेला. भिंत, खिळा, अंधार. काही दिसलं नाही.

मला काही दिसलं नाही, म्हणजे माझे सगळे घरी आहेत.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. सकाळी दात घासायच्या आधी एकदा. ऑफिसात पोचल्यावर. जेवताना. काही दिसलं नाही की जीव भांड्यात पडायचा, तासभर बरं वाटायचं. मृणालला मी खाली खेळायला पाठवणं बंद केलं. शाळेत सोडायला मी, आणायला मी. दुकानात पेन्सिल आणायला निघाली तरी मी मागे. ती कुरकुरायची, "बाबा, सगळ्या मला हसतात."

सुलभाला शेवटी सांगावंच लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं, यादी बघितली, ती ओळ बघितली.

"एक माणूस," ती म्हणाली. "एका माणसाने काहीतरी शोधलं. आणि तुम्ही त्यापायी पोरीचं खेळणं बंद केलंत."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. तुमची." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "त्या बाईला एकदा घेऊन जा तिथे. टाळताय म्हणून डोक्यात बसलंय हे तुमच्या. खोली रिकामी आहे हे दोघांनी उघड्या डोळ्यांनी बघा आणि संपवा."

तिचं म्हणणं पटलं. पटण्यासारखंच होतं.

७

शनिवारी सुलभाला शाळेत प्रशिक्षण होतं. मृणालला शेजारच्या काकूंकडे ठेवू, ती म्हणाली. मी नाही म्हणालो. माझ्याबरोबर येईल, माझ्या डोळ्यासमोर राहील. सुलभाने मृणालची वेणी घालताना फणी जरा जोरात ओढली.

आदल्याच दिवशी आमलीतून मृणालला पिवळा फ्रॉक आणला होता, होळीसाठी. तिने तो आत्ताच घालायचा हट्ट धरला. स्कूटरवर पुढे ती, मागे मी. सकाळी अकराचं ऊन, रस्त्यावर ट्रकांची रांग. निघताना काही दिसलं नव्हतं. मी दोनदा बघितलं होतं.

चाळीपाशी कोंडाबाई आधीच येऊन उभी होती. नथूभाई दारासमोर बाज टाकून बसला होता.

"साहेब, बघा निवांत. खाली छे अजून. तीन जण बघून गेले, कोण टिकत नाय." किल्ली देताना त्याने मृणालला विचारलं, "बेबी, गोळी खाणार?" मृणालने मानेने नको म्हटलं.

तिच्या डाव्या चपलेचा पट्टा सुटून लोंबत होता. "लाव तो, पडशील," मी म्हणालो. "हो बाबा," म्हणाली आणि लावला नाही.

खोली तशीच होती. ओटा, मोरी, माळा. बंद खोलीचा ओलसर चुन्याचा वास. भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर, पायाच्या तळव्यांना लागेल अशी. मी मृणालला पुढच्या दाराच्या आत भिंतीला टेकवून उभं केलं. "इथून हलायचं नाही."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

मग मी मागच्या दाराची कडी काढली. दार आत ओढलं. बोळ दोन फुटांचं, दोन्ही टोकांना विटांनी बुजवलेलं, समोर कारखान्याची दोन पुरुष उंच भिंत. मांजर सोडलं तर कुणाला जायला वाट नाही. मी दार बंद केलं, पुन्हा उघडलं, त्याच्या आडची फट कोंडाबाईला दाखवली. भिंत आणि खिळा. उन्हाचा एक पट्टा खाली पडलेला, त्यामुळे अंधारसुद्धा नव्हता.

कोंडाबाईने फटीत हात घातला. कोपरापर्यंत. भिंतीवरून हळूहळू फिरवला. मला तिच्याकडे बघवेना.

"आठे नाही," ती म्हणाली.

"नाहीच आहे, कोंडाबाई."

"त्याच्यात शे." तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं. "त्याच्यात दाखवा. माझ्या फोनचा पॅक संपला."

मी मागे वळून बघितलं. मृणाल दाराशी उभी होती, कंटाळून एका पायावर. मी व्हिडिओ लावला, पुढे नेला. कोंडाबाईने डोकं माझ्या खांद्याशी आणलं. पडद्यात माझा आवाज म्हणत होता, आणि हे मागचं दार, हवा छान येते.

चार मिनिटं बारा सेकंद. घरघर थांबली.

"ह्यो बघा," कोंडाबाई पुटपुटली. "बघा, हासतो."

मला निळा शर्ट दिसला नाही. फटीत, खिळ्याच्या बऱ्याच खाली, काहीतरी पिवळं होतं. कापडाची कड असावी तसं. आणि अगदी तळाशी, जिथे नेहमी अंधार असतो, तिथे एक लहान चप्पल, पट्टा सुटलेली.

घरघर मोबाइलमधली थांबली होती. पण तळव्यांखालचीही थांबली होती, हे मला जरा वेळाने कळलं. सगळ्या खडोलीत आवाज नव्हता. मग यंत्रं पुन्हा सुरू झाली.

मी वळलो. पुढचं दार उघडं होतं. दारात ऊन होतं.

८

नथूभाई बाजेवरून उठलेला नव्हता. "बेबी? बाहेर नाय आली साहेब. मी इथेच बसलोय, पाय आडवे टाकून. माझ्या पायावरून जाणार काय?" मग माझं तोंड बघून तो उठला आणि ओरडत चाळीच्या टोकापर्यंत गेला. दारं उघडली, बायका बाहेर आल्या, पाळीवरून आलेले पुरुष झोपेतून उठून आले. कुणी मोरीत बघितलं, कुणी माळ्यावर चढलं. एक जण कारखान्याच्या भिंतीवर चढून पलीकडे उतरला. मी माझ्या लेकीच्या नावाने हाका मारल्या. घशातून आवाज निघेनासा होईपर्यंत मारल्या. जिथे मी तिला टेकवून उभं केलं होतं तिथल्या भिंतीचा चुना जरा निघालेला होता, लहान मूल पाठ घासतं तसा. मी तिथे हात लावून उभा राहिलो. भिंत गरम होती.

सुलभाला फोन मी केला. काय बोललो ते आठवत नाही. ती म्हणाली, "तुमच्याबरोबर होती ना?" आणि मग तेच पुन्हा, "जयवंत, तुमच्याबरोबर होती ना ती?" सोळा वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती.

पोलीस येईपर्यंत बसा, कुणीतरी म्हणालं आणि मला बाजेवर बसवलं. समोर माणसांची गर्दी. त्यात दोघा-तिघांनी मोबाइल वर धरलेले. एकाच्या पडद्यावर मला ती खोली दिसली, दार, समोरची भिंत, ओटा. तो तोंडाने सांगत होता, "हीच ती खोली, मित्रांनो." मला त्याला थांबवायचं होतं. मला त्याच्या पाया पडायचं होतं. मी जागचा हललो नाही.

कोंडाबाई माझ्याशेजारी येऊन बसली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, काढला नाही. तिच्या हाताला चुना लागलेला होता. बऱ्याच वेळाने तिने माझ्या मुठीतला मोबाइल सोडवून घेतला, काच पदराने पुसली आणि शोधायची जागा काढून माझ्यापुढे धरला. माईकच्या चिन्हावर तिने ते झिजलेलं नख टेकवलं.

"इठे दाबा, भाऊ. आनि नाव सांगा."

"मला माहीत आहे कसं शोधायचं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"सांगा तरी."

मी दाबलं. तोंडातून आले ते तेच तीन शब्द होते, यादीच्या तळाशी मी वाचलेले. सगळ्यात वर माझा व्हिडिओ आला. खडोलीतली खोली, एक. कोंडाबाईने माझं बोट धरून तो चार मिनिटं बारा सेकंदांवर नेला.